पोपची अर्धी ओळ सगळ्यांना पाठ असते, खरी गोष्ट पुढच्या ओळीत असते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी टी.वाय.ला आहे, इंग्लिश स्पेशल, इंग्रज कवी अलेक्झांडर पोप अभ्यासाला आलाय, आणि ती म्हणते हा माणूस म्हणजे नुसते सुविचार, "टू अर इज ह्यूमन" काय, "फूल्स रश इन" काय, शाळेच्या फळ्यावर रोज एक लिहावा असे, तीनशे वर्षांपूर्वी विग घालून फिरणाऱ्या लंडनच्या लोकांसाठी लिहिलेलं आपण आज कशाला वाचायचं. आणि तुम्ही पडलात इंजिनिअर, तिला काय उत्तर द्यावं ते तुम्हाला सुचेना. मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या कॉलेजात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं पोप माझ्याकडेच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते, एका बैठकीत नाही झालं तर दोनदा वाचा.

पहिलं म्हणजे मुलीचं निम्मं बरोबर आहे. पोपच्या ओळी सुविचार होऊन बसल्यात हे खरंच आहे, इंग्रजीत शेक्सपिअर सोडला तर ज्याच्या इतक्या ओळी लोकांच्या तोंडी बसल्यात असे कवी फार थोडे. पण त्या सुविचार झाल्या त्या अर्ध्या तोडून. हा माणूस दोन-दोन ओळींच्या जोडीत लिहितो, शेवटी यमक, जोडी संपली की अर्थ बंद. लोकांनी त्यातली एक ओळ उचलली आणि तिची जोडीदारीण तिथंच टाकून दिली. वर्गात पहिल्याच दिवशी मी सांगायचे, पोपची फेमस ओळ कुठंही दिसली की एकच विचारायचं, पुढची ओळ काय?

उदाहरण घ्या. "अ लिटल लर्निंग इज अ डेंजरस थिंग." थोडकी विद्या धोक्याची. ही १७११ साली छापलेल्या एसे ऑन क्रिटिसिझम या कवितेतली, बरेच जण लर्निंगच्या जागी नॉलेज म्हणतात ते चूक. आपण ही ओळ ऐकली की लगेच अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला कोणीतरी डोळ्यापुढे आणतो, ऑफिसातला, नात्यातला, आणि तो माणूस कधीच आपण स्वतः नसतो. आता पुढचं वाचा. पोप म्हणतो, पायेरियाच्या झऱ्याचं पाणी प्यायचं तर पोटभर प्या नाहीतर ओठाला लावू नका (पायेरिया म्हणजे ग्रीक पुराणातल्या विद्येच्या देवतांची जागा), कारण तिथं "शॅलो ड्राफ्ट्स इंटॉक्सिकेट द ब्रेन, अँड ड्रिंकिंग लार्जली सोबर्स अस अगेन." दारूच्या बरोबर उलटं. थोडी घेतली की चढते, भरपूर घेतली की उतरते. आणि इथं शब्द आहे "अस", आपल्याला. लगेच पुढं तो एका चढणाऱ्या माणसाचं चित्र काढतो, तरुण आहे, दम आहे, पहिल्या टेकड्या पार केल्यावर त्याला वाटतं आलंच शिखर, ढग आणि बर्फ मागं पडलं, आणि मग पुढं गेल्यावर दिसतं की "हिल्स पीप ओअर हिल्स, अँड आल्प्स ऑन आल्प्स अराइज." टेकडीमागून टेकडी डोकावते, आल्प्सवर आल्प्स उभे राहतात. डोंगर चढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, प्रत्येक धार तीच शेवटची वाटते. म्हणजे ज्या ओळीनं आपण दुसऱ्याला गप्प करतो ती मुळात पायथ्यापासून वर चाललेल्या माणसाची आहे, आणि तो चढणारा आपणच आहोत.

हे लिहिणारा माणूस कोण होता तेही मुलीला सांगा. कविता छापली तेव्हा पोप तेवीस वर्षांचाही झाला नव्हता. जन्म १६८८ चा, लंडनचा, कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पण घराणं कॅथलिक, आणि तेव्हाच्या इंग्लंडात कॅथलिकांना युनिव्हर्सिटी बंद, सरकारी नोकरी बंद, लंडनच्या दहा मैलांच्या आत राहायलासुद्धा कायद्यानं बंदी. म्हणून हे कुटुंब विंडसरच्या जंगलाजवळ बिनफिल्डला गेलं आणि पोरगा घरीच पुस्तकं घेऊन बसला. त्यात लहानपणीच मणक्याचा क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची साडेचार फुटांवर थांबली, पुढं आयुष्यभर डोकेदुखी, दम, उभं राहायलासुद्धा ताठ कापडाची चोळी बांधावी लागायची. स्वतःच एका ठिकाणी लिहून गेलाय, "धिस लाँग डिसीज, माय लाइफ", हा माझा लांबलचक आजार, म्हणजे माझं आयुष्य. विद्येबद्दल बोलणारा हा माणूस विद्येच्या दारातून परत पाठवलेला होता, हे माहीत असलं की त्या झऱ्याच्या ओळीतली तहान वेगळीच लागते.

आता माझी सगळ्यात आवडती जोडी. "टिज विथ अवर जजमेंट्स ॲज अवर वॉचेस, नन / गो जस्ट अलाइक, येट ईच बिलीव्ज हिज ओन." आपली मतं आपल्या घड्याळांसारखी असतात, कुठलीही दोन सारखी चालत नाहीत, तरी जो तो आपलंच खरं मानतो. मोबाइल यायच्या आधी मी ही ओळ शिकवायच्या दिवशी वर्गात घड्याळवाल्या सगळ्यांना उभं करायचे आणि म्हणायचे मी टेबलावर टिचकी मारली की आपापली वेळ मोठ्यानं सांगा. बारा-पंधरा घड्याळं असायची, बहुतेक एचएमटी, काही वडिलांची जुनी, एकदोन मुलींची बारीक सोनेरी. कोणी दहा-बावीस, कोणी दहा-अठ्ठावीस, कोणी दहा-पंचवीस. मग विचारायचे, कोणाचं चुकलंय असं वाटतं? आणि दर वर्षी, अगदी दर वर्षी, प्रत्येक जण शेजारच्याच्या मनगटाकडे बघायचा. एक पोरगा तर म्हणाला होता, मॅडम माझं मी सकाळच्या बातम्यांना लावलंय. मी म्हटलं ठीकाय, आणि बाकीच्यांनी? तर आणखी चार जणांनी बातम्यांनाच लावलं होतं आणि त्या चौघांतही तीन मिनिटांचा फरक. त्यानंतर ती ओळ समजावून सांगायची गरजच उरायची नाही.

माझ्या मते पोपचं शहाणपण म्हणायचं ते इथं आहे. तो चांगलं वागा, खरं बोला असं सांगत नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या कामाबद्दल, लिखाणाबद्दल, माणसाबद्दल आपण मत बनवतो त्या क्षणी आपल्या आत काय बिघडलेलं असतं एवढ्यावर त्याचं बोट आहे, आणि त्यातलं पहिलं नाव तो घेतो अहंकाराचं, "प्राइड, द नेव्हर-फेलिंग व्हाइस ऑफ फूल्स." जिथं अक्कल कमी पडते तिथं गर्व येऊन जागा भरतो, असं म्हणतो. आजच्या काळात जो तो प्रत्येक गोष्टीला स्टार देतोय, हॉटेलला, सिनेमाला, रिक्षावाल्याला, डॉक्टरला, त्या काळात हे वाचायला नको तर कधी वाचायचं?

याच कवितेत तो म्हणतो, ज्या वृत्तीनं लिहिणाऱ्यानं लिहिलं त्याच वृत्तीनं वाचा, आधी सगळं पूर्ण बघा, बारीकसारीक दोष शोधायला बसू नका, "सर्व्हे द होल, नॉर सीक स्लाइट फॉल्ट्स टू फाइंड." ही ओळ मी किमान आठ वर्षं शिकवली होती आणि तरीही माझ्याकडून जे झालं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर खरं होणार नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट, कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी एका मुलीनं इंग्रजीत दोन पानांची गोष्ट लिहून आणली. घरचे ऊसतोडीला जाणारे, ही पहिलीच शिकणारी. गोष्ट तिच्या आजीची होती. मी लाल पेन घेऊन बसले. टेन्स, आर्टिकल, स्पेलिंग, दोन पानांवर चाळीसेक खुणा झाल्या असतील. एक वाक्य होतं, "द सिकल वेअर्ड अ ओल्ड सारी." आजीच्या कोयत्याच्या मुठीला हाताला घट्टे पडू नयेत म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असायची, त्याबद्दल. मी "वेअर्ड"भोवती गोल केला, वर "वोअर" लिहिलं, "अ"चं "ॲन" केलं आणि पुढं गेले. तिनं कागद घेतले, थँक्यू मॅडम म्हणाली, आणि सुधारून आणलेच नाहीत. महिन्याभरानं तिच्याच वर्गात मी सर्व्हे द होल शिकवत होते, ती तिसऱ्या बाकावर, खाली वहीत बघत लिहून घेत होती, आणि बोलता बोलता मला ते वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा दिसलं की कोयता जुनं लुगडं नेसलाय, असं म्हणणारी पोरगी माझ्या हातून परत गेली. मी तिला बोलावून सांगितलं, माफीही मागितली, ती हसली, पण गोष्ट काही परत आली नाही. त्यानंतर कुठल्याही पोराचा कागद मी पहिल्यांदा पेन हातात न घेता वाचला. "हूएव्हर थिंक्स अ फॉल्टलेस पीस टू सी, थिंक्स व्हॉट नेअर वॉज, नॉर इज, नॉर एअर शाल बी," बिनचूक कलाकृती बघायची ज्याची अपेक्षा आहे तो जे कधी नव्हतं, नाही आणि होणार नाही तेच मागतोय. ही ओळ मला तेव्हा कळली, तोवर फक्त पाठ होती.

"फूल्स रश इन व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड" घ्या. ही ओळ लोक शेअर मार्केटपासून प्रेमप्रकरणापर्यंत कुठंही लावतात. मुळात ती कोणाबद्दल आहे माहितीय? पुस्तकं वाचून डोक्यात अडगळ भरलेल्या समीक्षकाबद्दल, "द बुकफुल ब्लॉकहेड, इग्नोरंटली रेड, विथ लोड्स ऑफ लर्नेड लंबर इन हिज हेड." हा माणूस लेखकाला गाठून गाठून आपली मतं ऐकवतो, कुठलीच जागा त्याच्यापासून सुरक्षित नाही, लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात पुस्तकविक्रेत्यांची दुकानं होती तिथं तर तो भेटणारच, पण तुम्ही थेट देवापुढं वेदीपाशी पळून गेलात तरी तिथं येऊन तो बोलून बोलून जीव घेईल, कारण जिथं देवदूत पाऊल टाकायला बिचकतात तिथं मूर्ख धावत शिरतात. वेदी होती म्हणून देवदूत आले, इतकं ते नेमकं आहे. आणि हा बुकफुल ब्लॉकहेड आपल्या ओळखीचा आहे. समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि मग त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची वेगळी सांगितली, कारण वाचलेला मूर्ख ही जात निराळी. माझ्या पोरांना लंबर हा शब्द डिक्शनरीत बघून जितका कळायचा नाही तितका पढतमूर्ख म्हटलं की एका सेकंदात कळायचा.

"टू अर इज ह्यूमन, टू फरगिव्ह, डिव्हाइन" (चुकणं माणसाचं, क्षमा करणं देवाचं) हीसुद्धा त्याच कवितेतली आणि इथं मात्र आधीची ओळ बघायची, "गुड-नेचर अँड गुड-सेन्स मस्ट एव्हर जॉइन." चांगुलपणा आणि समज हे जोडीनं चालले पाहिजेत. नुसती समज असली तर माणूस चिरफाड करतो, नुसता चांगुलपणा असला तर सगळ्याला वा वा करतो. आपण ती ओळ आपली चूक झाकायला वापरतो, पोप ती दुसऱ्याच्या चुकीकडे बघणाऱ्याला सांगतोय.

मुलगी हुशार आहे, ती विचारेल की हा स्वतः तसं वागला का. नाही वागला, आणि हे लपवू नका. याच कवितेत त्यानं जॉन डेनिस नावाच्या वयानं मोठ्या समीक्षकाला चिमटा काढला, डेनिसनं उत्तरात त्याच्या शरीरावर घसरून त्याला कुबडा बेडूक म्हटलं, आणि तिथून जी भांडणं सुरू झाली ती पोप मरेपर्यंत चालली. १७२८ मध्ये डन्सियड हे काव्य काढून त्यानं लंडनच्या निम्म्या लेखकांना मूर्खांच्या दरबारात बसवलं, १७४३ मध्ये त्याचा नायक बदलून दुसऱ्या शत्रूला तिथं आणलं, इतकी धग. डेनिस म्हातारपणी आंधळा आणि कंगाल झाला तेव्हा १७३३ मध्ये त्याच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग झाला त्याचं प्रास्ताविक पोपनं लिहून दिलं, आणि त्यातही टोचायचं सोडलं नाही. हा माणूस म्हणून आवडावा असं मी कधी पोरांना म्हटलं नाही. पण क्षमा किती अवघड आहे हे ज्याला आतून माहीत होतं त्यानंच तिला "डिव्हाइन" म्हटलंय, ज्याला ती सहज जमते त्याला हा शब्द सुचला नसता, असं मला फार वर्षांनी वाटायला लागलं.

सुविचार आणि कविता यातला फरक कानाला कळतो, म्हणून मुलीला मोठ्यानं वाचायला सांगा, मनात वाचून पोप कळत नाही. "व्हेन एजॅक्स स्ट्राइव्ह्ज सम रॉक्स व्हास्ट वेट टू थ्रो," ग्रीक पुराणातला बलदंड योद्धा एजॅक्स धोंडा उचलतोय. म्हणून बघा. "रॉक्स व्हास्ट वेट", तीन शब्दांत तीन वेळा जीभ अडकते, एक संपवून दुसऱ्याकडे जायला जोर लावावा लागतो, धोंडा आपणच उचलतो. आणि लगेच पुढं कॅमिला धावते, व्हर्जिलच्या काव्यातली लढवय्यी, उभ्या पिकावरून पळाली तरी कणीस वाकत नाही, "फ्लाइज ओअर दि अनबेंडिंग कॉर्न, अँड स्किम्स अलाँग द मेन," कुठं अडथळाच नाही. वाईट कवींची चूक दाखवताना तर तो ती चूक करूनच दाखवतो, "अँड टेन लो वर्ड्ज ऑफ्ट क्रीप इन वन डल लाइन," दहा किरटे शब्द एका मठ्ठ ओळीत सरपटतात. बोटांवर मोजा, बरोबर दहा शब्द आहेत, सगळे एकेका सिलॅबलचे. ज्यांच्या घरात मोरोपंतांच्या आर्या म्हणायची पद्धत होती त्यांना ही मजा कळायला वेळ लागत नाही, दोन ओळींत सगळं घट्ट बसवायचं आणि कुठंही टाका दिसू द्यायचा नाही. "ट्रू ईझ इन रायटिंग कम्स फ्रॉम आर्ट, नॉट चान्स," लिखाणातली सहजता कष्टानं येते, नशिबानं नाही, जे नाच शिकलेत त्यांचंच चालणं मोकळं असतं. त्यानं केलेल्या होमरच्या इलियडच्या भाषांतराचे हस्तलिखित कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेले, खोडाखोडीनं भरलेले. (त्या इलियडनं त्याला पाच हजार पौंडांच्या आसपास मिळवून दिले, तेव्हा ही रक्कम प्रचंड होती, आणि त्यामुळे कुठल्या सरदाराच्या दारात उभं राहायची पाळी आली नाही. "नो मॅन्स एअर, ऑर स्लेव्ह," कोणाचा वारस नाही, गुलाम नाही, हे तो म्हणू शकला ते या पैशांमुळं.)

आता रेप ऑफ द लॉक. नावावरून पोरं-पोरी अवघडतात, तर आधी सांगायचं की इथं तो शब्द लॅटिनमधल्या हिसकावून नेणं या जुन्या अर्थानं आहे, केसांची बट पळवली एवढीच गोष्ट. खरी घडलेली. लॉर्ड पीटर नावाच्या तरुणानं ॲराबेला फर्मर हिच्या केसांची बट तिला न विचारता कापली, दोन्ही घराणी कॅथलिक, बोलणं बंद झालं, आणि जॉन कॅरिल नावाच्या मित्रानं पोपला सांगितलं की बाबा काहीतरी लिही म्हणजे लोक हसतील आणि भांडण मिटेल. १७१२ मध्ये दोन सर्गांची छोटी कविता आली, १७१४ मध्ये पाच सर्गांची. मेकपच्या टेबलावर पावडर, पफ, बायबल आणि प्रेमपत्रं एकाच ओळीत, हे सगळे गाइडमध्ये असतं ते ती वाचेलच. तिसऱ्या सर्गात एक जोडी आहे ती मात्र वाचून घ्या, दुपार झालीय, भुकेले न्यायाधीश घाईघाईनं शिक्षेवर सही करतात आणि ज्युरीला जेवायला जायचंय म्हणून गरीब माणसं फासावर जातात. दोन ओळी, आणि लगेच कॉफी आणि पत्ते. त्या दोन ओळींनंतर ती कविता नुसती गंमत राहत नाही.

पण मला सांगायचंय ते याच कवितेतल्या क्लॅरिसा नावाच्या बाईचं भाषण. हे पोपनं १७१७ मध्ये मागाहून घातलं. बटेवरून सगळे भांडताहेत, आणि क्लॅरिसा उठून म्हणते, बायांनो, रूप जाणार आहे, कुरळे असोत की सरळ, केस पांढरे होणारच आहेत, रात्रभर नाचून आणि दिवसभर नटून देवीचा रोग टळला असता किंवा म्हातारपण पळालं असतं तर घरातलं काम कोणी शिकलंच नसतं. तर मग आपल्या हातात काय, आहे ती ताकद नीट वापरायची आणि काहीही गमावलं तरी मन प्रसन्न ठेवायचं, "अँड कीप गुड ह्यूमर स्टिल व्हॉटेअर वुई लूज." "चार्म्स स्ट्राइक द साइट, बट मेरिट विन्स द सोल," रूप डोळ्यांत भरतं, मन जिंकतात ते गुण. यातला देवींचा उल्लेख तेव्हाच्या वाचकाला कसा लागला असेल बघा, ज्या लॉर्ड पीटरनं बट कापली तो १७१३ मध्येच देवींनी गेला होता, विशीच्या घरातला पोरगा.

आता पुढची ओळ. "सो स्पोक द डेम, बट नो अप्लॉज एन्स्यूड." बाई बोलल्या, टाळ्या काही पडल्या नाहीत. सगळ्या कवितेतलं सगळ्यात शहाणं बोलणं, आणि कोणी ऐकलं नाही, उलट मारामारी सुरू झाली. आणि अजून एक, मागं जाऊन तिसरा सर्ग बघा, बट कापायला कात्री काढून दिली ती कोणी? याच क्लॅरिसानं. शहाणपण बरोबर असतं, वेळेवर येत नाही, आणि जो सांगतो त्याचे हात स्वच्छ असतातच असं नाही, हे सगळं पोपनं एका शब्दानंही न समजावता नुसतं मांडून ठेवलंय. वीस वर्षं शिकवून दर वर्षी या जागी मी दोन मिनिटं काही बोलायचे नाही. कोणीतरी मागं पानं उलटायचं आणि म्हणायचं, मॅडम, कात्री हिनंच दिलेली की. तो क्षण माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा.

एसे ऑन मॅन १७३३-३४ चं, त्यातलं मला सगळं पटत नाही. ही कविता पत्रांच्या रूपात आहे, त्यातल्या दुसऱ्या पत्राची सुरुवात अफाट आहे, माणूस म्हणजे मधल्या चिंचोळ्या पट्टीवर उभा केलेला प्राणी, अंधारात शहाणा, ओबडधोबड थोर, "द ग्लोरी, जेस्ट, अँड रिडल ऑफ द वर्ल्ड." आणि "होप स्प्रिंग्ज इटर्नल इन द ह्यूमन ब्रेस्ट" (माणसाच्या मनात आशा सदा उगवतच राहते) तर आमच्या गावात स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेली होती. पुढची ओळ कोणी रंगवली नव्हती, "मॅन नेव्हर इज, बट ऑलवेज टू बी ब्लेस्ट." माणूस सुखी कधी नसतो, नेहमी होणार असतो. त्या क्लासला चौथ्यांदा परीक्षा देणारा माझा एक जुना विद्यार्थी होता, त्याला मी ही दुसरी ओळ सांगितली तर तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मॅडम, ही खरी आहे. निराश झाला नाही, अभ्यास सोडला नाही, पण पुढच्या महिन्यात धाकट्या भावाच्या दुकानात संध्याकाळी बसायला लागला.

पण पहिल्या पत्राच्या शेवटी आहे, "वन ट्रुथ इज क्लिअर, व्हॉटएव्हर इज, इज राइट." जे आहे ते बरोबरच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली तेव्हा मी किल्लारीपासून फार लांब नव्हते. त्या वर्षी माझ्या वर्गात अशी मुलं होती ज्यांच्या घरची माणसं मातीखाली गेली होती. हे पत्र सिलॅबसला होतं आणि मी ती ओळ शिकवली नाही, वगळली. पुढच्या वर्षी शिकवली ती फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला बरोबर घेऊन. व्हॉल्टेअर तरुणपणी इंग्लंडात असताना पोपला भेटलेला, त्याला मानणारा, पण १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, हजारो माणसं मेली, आणि त्यानं कविता लिहून विचारलं की या मेलेल्या लेकरांपुढं उभं राहून सगळं ठीक आहे म्हणता येईल का. पोप तेव्हा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी पोरांना दोन्ही वाचून दाखवलं आणि म्हटलं मला व्हॉल्टेअर पटतो. एक मुलगा, ज्याचं घर पडलं होतं, उठून म्हणाला मॅडम मला पोप पटतो, नाहीतर जगायचं कसं. मी त्याला उत्तर दिलं नाही. माझं घड्याळ आणि त्याचं घड्याळ.

तर मुलीनं काय वाचावं. एसे ऑन क्रिटिसिझम पूर्ण, ७४४ ओळी आहेत, रोज पन्नास धरल्या तर पंधरा दिवसांत होतं, आणि मोठ्यानं. मग रेप ऑफ द लॉक, १७१७ चं भाषण असलेलं. डॉक्टर आर्बथनॉटला लिहिलेलं १७३५ चं काव्यपत्र जमलं तर, त्यात आईच्या आजारपणात तिची सेवा करतानाच्या ओळी आहेत त्या चुकवू नका, ज्या माणसाला लोक विषारी म्हणायचे त्याचा आवाज तिथं एकदम मऊ होतो. डन्सियड आत्ता नको, त्यातली नावं कळायलाच सहा महिने जातात. गाइड कविता वाचून झाल्यावर उघडायचं, आधी नाही.

आणि तुम्ही तिला काय उत्तर द्यावं, तर माझं हे सगळं वाचून तिच्याशी वाद घालू नका. पोपचंच आहे, "मेन मस्ट बी टॉट ॲज इफ यू टॉट देम नॉट, अँड थिंग्ज अननोन प्रपोज्ड ॲज थिंग्ज फरगॉट." शिकवायचं ते शिकवत नसल्यासारखं, आणि समोरच्याला माहीत नसलेली गोष्ट त्याला विसर पडल्यासारखी पुढं ठेवायची. ती परत "टू अर इज ह्यूमन" म्हणून कंटाळून बोलली की एवढंच विचारा, अगं याच्या आधीची ओळ काय होती गं? आणि ती पुस्तक आणायला उठली की टीव्ही बंद करा.